मृत्यू नोंदणी सेवा : महापुरात आणि साथीत किती खरी उतरते?

हे परीक्षण एका सरकारी सेवेचं आहे. ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत किंवा महापालिकेत वर्दी (मृत्यूची खबर) द्यायची, सीआरएस म्हणजे नागरी नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर नोंद चढते, दाखला हातात पडतो. वारसनोंद, विमा, बँकेतली ठेव, पेन्शन ही कामं मार्गी लागली की घरच्यांच्या दृष्टीने विषय संपतो. पण महापुरात किती गेले, कोविडमध्ये किती गेले, या प्रश्नांची उत्तरं शेवटी याच नोंदवहीतून यायची असतात. म्हणून या सेवेकडे दाखला देणारी खिडकी म्हणून आणि माणसं मोजणारी व्यवस्था म्हणून, असं दोन्ही अंगांनी पाहायला हवं.

मत आधीच सांगतो. दाखला देण्यात ही सेवा आता चांगली झाली आहे. मोजण्यात ती अजून अर्धीच आहे. एरवीच्या दिवसांत बऱ्यापैकी चालते आणि नेमकी आपत्तीत अडखळते. ती तीन जागी अडखळते : मृत्यूचं कारण लिहिताना, मृत्यूचं ठिकाण लिहिताना, आणि मृतदेहच सापडत नाही तेव्हा. या तिन्ही जागी कोल्हापूर, शिरोळ, करवीर, हातकणंगले भागातल्या लोकांना काय करता येतं, ते पुढे सविस्तर दिलं आहे.

नियम आधी झटपट पाहू. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा आहे आणि २०२३ ची दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. मृत्यूची वर्दी २१ दिवसांत द्यायची, त्याला शुल्क नाही. २१ ते ३० दिवसांत विलंब शुल्क भरून नोंद होते. ३० दिवसांनंतर वर्षाच्या आत जिल्हा निबंधकाची लेखी परवानगी लागते; आपल्याकडे हे काम जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे असतं. वर्ष उलटलं की जिल्हाधिकारी, प्रांत किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश. दवाखान्यात मृत्यू झाला तर वर्दी दवाखान्याने द्यायची, घरच्यांनी नाही. घरी झाला तर घरातल्यांनी. लॉज किंवा धर्मशाळेत झाला तर तिथल्या व्यवस्थापकाने. बेवारस मृतदेह सापडला तर गावात गावप्रमुखाने, बाकी ठिकाणी पोलीस ठाण्याच्या प्रमुखाने. नोंद झाल्यापासून सात दिवसांच्या आत पहिला दाखला मोफत मिळायला हवा, आणि तो आता ऑनलाइनही देता येतो. खेड्यात निबंधक म्हणजे ग्रामसेवक, ज्याला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात.

इथवर सगळं ठीक आहे. खरी परीक्षा फॉर्म नंबर ४ वर होते.

दवाखान्यात मृत्यू झाला की डॉक्टर फॉर्म ४ भरतात. घरी झाला आणि शेवटच्या आजारात डॉक्टरांचे उपचार चालू असतील तर फॉर्म ४-अ. यात कारणाचे दोन भाग असतात. पहिल्या भागात अ, ब, क अशा ओळी. ‘अ’ मध्ये थेट कारण, त्याखाली ते कशामुळे झालं, त्याखाली तेही कशामुळे झालं. सगळ्यात खालच्या भरलेल्या ओळीत मूळ कारण असायला हवं, कारण सांख्यिकीत मृत्यू सहसा तिथल्या नोंदीच्या खात्यावर जातो. दुसऱ्या भागात हातभार लावणारे इतर आजार. प्रत्येक ओळीपुढे किती तास, किती दिवस, किती वर्षं, तोही रकाना असतो, आणि तो बहुतेक वेळा कोराच राहतो.

आता एक उदाहरण जवळून पाहा. मधुमेह असलेला पन्नाशीचा माणूस कोविडने गेला. बरोबर भरलेला फॉर्म असा : अ) एआरडीएस (फुप्फुसं निकामी होऊन श्वास कोंडणे), दोन दिवस, ब) कोविड न्यूमोनिया, सात दिवस, क) कोविड-१९, दहा दिवस, दुसऱ्या भागात मधुमेह, बारा वर्षं. हाच फॉर्म चुकीचा भरला तर असा दिसतो : अ) हृदयक्रिया बंद पडणे, ब) मधुमेह. दुसऱ्या फॉर्मने हा मृत्यू मधुमेहाच्या खात्यात गेला आणि साथीतून वजा झाला. ‘हृदयक्रिया बंद पडणे’ हे कारणच नाही, कारण प्रत्येक मरणात हृदय थांबतंच. तरीही हे शब्द सर्रास लिहिले जातात. रात्रपाळीला असलेल्या नव्या डॉक्टरला रुग्णाचा पूर्ण इतिहास माहीत नसतो, मृतदेह लवकर सोडायचा दबाव असतो, आणि फॉर्म भरायचं प्रशिक्षण इंटर्नशिपमध्ये तासाभराचं मिळालं तरी नशीब.

पुरात हाच घोटाळा वेगळ्या रूपात होतो. आजार आणि मृत्यूच्या कारणांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत पुराच्या बळीसाठी एक्स ३८ असा स्वतंत्र कोड आहे, दरडीसाठी एक्स ३६, भूकंपासाठी एक्स ३४. पण डॉक्टरने नुसतं ‘पाण्यात बुडून’ लिहिलं तर मृत्यू नदीत किंवा तळ्यात बुडाल्याच्या कोडात जातो. पोहायला गेलेला मुलगा आणि पुरात वाहून गेलेला शेतकरी दोघे एकाच खात्यात. नुसतं ‘नाव उलटून’ लिहिलं तर तो जलवाहतुकीचा अपघात ठरतो. नैसर्गिक आपत्तीमुळे झालेला वाहतूक अपघात आपत्तीच्या कोडात घालावा असं वर्गीकरणाचा नियमच सांगतो, पण त्यासाठी ‘महापुराच्या पाण्यात’ हे दोन शब्द फॉर्मवर हवेत. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळजवळ पूरग्रस्तांना बाहेर काढणारी बोट उलटली, तसे मृत्यू कुठल्या खात्यात पडतील हे त्या दोन शब्दांवर अवलंबून असतं.

अनैसर्गिक मृत्यूत आणखी एक अडचण. पोलीस आकस्मिक मृत्यूची नोंद करतात, पंचनामा होतो, शवविच्छेदन होतं, आणि बऱ्याचदा अहवालात ‘व्हिसेरा राखून, मत प्रलंबित’ असं येतं, म्हणजे अवयवांचे नमुने प्रयोगशाळेसाठी ठेवले, कारण नंतर सांगू. फॉर्म ४ वर ‘चौकशी प्रलंबित’ अशी खूण होते. पुढे प्रयोगशाळेचा अहवाल येतो, पोलीस फाइल बंद करतात, पण नोंदणी कार्यालयात ते कारण कुणी कळवत नाही. वहीत तो मृत्यू कायम कारणाविनाच राहतो. कळवायची जबाबदारी एका टेबलावर ठरवून दिली तर हे दुरुस्त व्हायला वेळ लागणार नाही.

पूर ओसरल्यावरचे मृत्यू तर कुणाच्याच हिशोबात नीट बसत नाहीत. पाण्याबरोबर घरात आलेला साप चावून, चिखल काढताना लेप्टोस्पायरोसिस होऊन, ओल्या भिंतीतल्या विजेचा धक्का बसून, पडलेल्या घराखाली सापडून. २०१९ मध्ये शिरोलीजवळ पुणे-बेंगळूरु महामार्ग पाण्याखाली जाऊन दिवसेंदिवस बंद होता. अशा वेळी डायलिसिसचा रुग्ण केंद्रापर्यंत पोहोचला नाही आणि गेला, तर फॉर्मवर मूत्रपिंड निकामी होणं एवढंच येणार. वैद्यकीयदृष्ट्या ते बरोबरही आहे. पण पुराच्या आकड्यातून तो माणूस गळतो. प्यूर्तो रिकोत २०१७ च्या मारिया वादळानंतर सरकारी आकडा कितीतरी महिने ६४ होता. पुढे विद्यापीठाच्या अभ्यासात तो २,९७५ निघाला आणि सरकारने तोच मान्य केला. वीज, औषधं, ऑक्सिजन न मिळून नंतर गेलेले पहिल्या आकड्यात बहुतेक आलेच नव्हते.

देशाच्या पातळीवर पाहिलं तर २०२० मध्ये नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय कारण प्रमाणित असलेले फक्त २२.५ टक्के होते. म्हणजे पाचातल्या जवळजवळ चार मृत्यूंचं डॉक्टरने लिहिलेलं कारण वहीत नाही. या सेवेतला सगळ्यात मोठा दोष आमच्या मते हाच.

२०२३ च्या दुरुस्तीने इथे एक चांगली गोष्ट केली आहे आणि ती अजून फार थोड्यांना माहीत आहे. सरकारी असो वा खासगी, दवाखान्याने कारणाचं प्रमाणपत्र आजाराच्या इतिहासासह, मोफत, निबंधकाकडे तर द्यायचंच, पण त्याची प्रत जवळच्या नातेवाइकालाही द्यायची. ही प्रत मागून घ्या. ती लागते, कारण फॉर्म ६ वर मिळणाऱ्या मृत्यू दाखल्यावर कारण नसतं. कायद्यानेच ते उघड करायला मनाई आहे. कोविडच्या ५०,००० रुपयांच्या सानुग्रह मदतीत लोकांची दमछाक झाली ती याच जागी. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ३० जून २०२१ चा, त्यानंतर कोविड मृत्यूचं वेगळं अधिकृत कागदपत्र देण्याची पद्धत ठरवावी लागली. चाचणीपासून ३० दिवसांच्या आत झालेला मृत्यू, मग तो दवाखान्याबाहेर झालेला असला तरी, धरायचा असं ठरलं. जानेवारी २०२२ मध्ये न्यायालयासमोर आलेल्या आकड्यांत महाराष्ट्राचे अधिकृत कोविड मृत्यू १ लाख ४१ हजारांच्या घरात होते आणि मदतीचे अर्ज २ लाखांहून जास्त. सगळेच अर्ज पात्र नसतात हे खरं. पण एवढं अंतर पडतं तेव्हा पहिल्या वहीत काहीतरी राहून गेलं आहे, हे मानायलाच हवं.

पुराच्या मदतीतही कारणाला पैशाइतकीच किंमत आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांनुसार मृताच्या वारसांना ४ लाख रुपये मिळतात, आणि त्यासाठी सक्षम अधिकाऱ्याने मृत्यूचं कारण प्रमाणित केलेलं असावं लागतं. म्हणून पंचनाम्यात, शवविच्छेदनाच्या अर्जात आणि फॉर्म ४ वर घटनेचं वर्णन एकसारखं असावं. पोलिसांकडे ‘पाय घसरून नदीत’, तलाठ्याकडे ‘पुरात वाहून’, दवाखान्यात ‘बुडून’ असं तीन तऱ्हेचं लिहिलं गेलं की प्रकरण तहसीलमध्ये अडकतं.

दुसरी अडखळायची जागा ठिकाणाची. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते, माणूस जिथे राहत होता तिथे नाही. नियम म्हणून हे बरोबर आहे, नाहीतर एकाच माणसाची दोन ठिकाणी नोंद होईल. पण कोल्हापूर शहराच्या वहीत याचा परिणाम मोठा दिसतो. सीपीआर हे सरकारी रुग्णालय आणि शहरातले खासगी दवाखाने यांत पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी, गगनबावड्यापासून ते सिंधुदुर्ग आणि सीमाभागापर्यंतचे रुग्ण येतात. तिथला गंभीर रुग्ण शहरात दगावला की मृत्यू शहराचा. त्यामुळे शहराचा मृत्युदर फुगतो आणि वाडीवस्तीचा कमी दिसतो. कुणी नुसते कार्यालयनिहाय आकडे घेऊन ‘अमुक तालुक्यात साथीत फारसं कुणी गेलं नाही’ असं म्हणालं तर विश्वास ठेवू नका. वर्दीच्या फॉर्म २ मध्ये मृताचा नेहमीचा पत्ता विचारलेला असतो. त्या रकान्यावरून फेरवाटणी केल्याशिवाय तालुक्याची तुलना करता येत नाही. आणि घाईत भरताना त्या रकान्यात दवाखान्याजवळ ज्यांच्याकडे उतरले होते त्या नातेवाइकांचा पत्ता लिहिला जातो. तेवढं टाळा.

रुग्णवाहिकेत वाटेतच गेलेल्या माणसाची वर्दी गाडी जिथे पहिल्यांदा थांबते तिथे द्यायची, आणि ती गाडीच्या प्रमुखाने. प्रत्यक्षात दवाखान्यात ‘मृतावस्थेत आणले’ एवढा शेरा पडतो, दवाखाना म्हणतो आमच्याकडे मृत्यू झाला नाही, ग्रामपंचायत म्हणते आमच्या हद्दीत झाला नाही. दवाखान्याच्या शेऱ्याची प्रत घेतल्याशिवाय तिथून निघू नये.

नदीचा प्रश्न याहून अवघड. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते, पुढे राजापूर बंधारा, पुढे कर्नाटक. पुरात वाहून गेलेला मृतदेह जिथे सापडतो तिथली नोंद होते. शिरोळचा माणूस कर्नाटकाच्या वहीत, अनोळखी पुरुष म्हणून, आणि त्याच वेळी इथल्या पोलीस ठाण्यात बेपत्ता म्हणून. दोन्ही कागद जुळले नाहीत तर एकाच माणसाची दोनदा मोजणी होते किंवा एकदाही होत नाही. कपडे, दागिने, गोंदण, जुन्या शस्त्रक्रियेची खूण हे वर्णन बेपत्ताच्या तक्रारीत पहिल्याच दिवशी लिहून द्यावं. आणि अंत्यसंस्काराआधी डीएनए नमुना घेतला का, हे विचारावं. पाण्यात चार-पाच दिवस राहिलेला चेहरा ओळखू येत नाही, घरच्यांनाही नाही. नुसत्या नजरेच्या ओळखीवर मृतदेह ताब्यात दिल्याने चुका होतात. म्हणूनच २००४ च्या त्सुनामीनंतर थायलंडमध्ये ओळख पटवण्याचा भर दातांच्या नोंदी, बोटांचे ठसे आणि डीएनएवर ठेवला होता.

तिसरी जागा, मृतदेह न सापडण्याची. सर्वसाधारण नियमाने सात वर्षं कुणाला त्या माणसाची खबर नसेल तर तो मरण पावला असं धरता येतं; पूर्वी हे पुरावा कायद्याच्या कलम १०८ मध्ये होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १११ मध्ये आहे. दरडीखाली गाव गेलेल्या कुटुंबाला सात वर्षं थांबा म्हणणं क्रूरपणाचं आहे. यावर तोड २०१३ च्या उत्तराखंड आपत्तीत निघाली. बेपत्ताची पोलिसांत तक्रार, नेमलेल्या अधिकाऱ्याची चौकशी, तात्पुरता निर्णय, वर्तमानपत्रात आणि राजपत्रात नावांची प्रसिद्धी, हरकतींसाठी ३० दिवस, आणि हरकत नसेल तर नोंद व दाखला. २०२१ मध्ये तिथल्याच चमोलीच्या आपत्तीतही हीच वाट धरली गेली. आपल्याकडे १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा शोधकार्य थांबवेपर्यंत २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. बेपत्ता जास्त आणि सापडलेले कमी, अशा घटनेत सरळ नोंदवही काहीच सांगू शकत नाही. ही विशेष पद्धत प्रत्येक वेळी वेगळा आदेश निघाल्यावर लागू होते, ही तिची कमतरता. पश्चिम घाटाच्या कुशीतल्या जिल्ह्यांना ती कायमची आणि आधीच ठरलेली हवी.

कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीतली आणखी एक तरतूद आपल्या कामाची आहे : आपत्ती किंवा साथीत नोंदणी लवकर व्हावी म्हणून विशेष उपनिबंधक नेमता येतात. पुरात ग्रामपंचायतीच्या खोलीतच पाणी असतं, संगणक वरच्या मजल्यावर बांधून ठेवलेला, ग्रामसेवक छावणीत. अशात २१ दिवस कधी निघून जातात ते कळत नाही. निवारा छावणीतच वर्दी घेणारा माणूस बसला तर नोंदही वेळेत होईल आणि कारण विचारायला घरचे समोर असतील. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला पोहोचलं की जशी स्थलांतराची तयारी सुरू होते, तशी ४३ फुटांच्या धोका पातळीला ही नेमणूक व्हायला हवी.

आता मोजणीकडे. वहीत कारण नसलं तरी वही निरुपयोगी होत नाही. एकूण मृत्यूंची संख्या बरोबर असली तर ‘नेहमीपेक्षा किती जास्त’ हे काढता येतं, आणि साथीत तोच सगळ्यात भरवशाचा आकडा असतो. देशात २०१९ मध्ये ७६.४ लाख मृत्यू नोंदले गेले, २०२० मध्ये ८१.२ लाख, २०२१ मध्ये सुमारे १.०२ कोटी. २०२१ ची वाढ आदल्या वर्षापेक्षा २१ लाखांची, आणि त्या वर्षातले अधिकृत कोविड मृत्यू ३.३ लाखांच्या आसपास. वाढीतला काही भाग नोंदणी सुधारल्याचा आहे, हे ध्यानात घेऊनही दरी मोठी राहते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२०-२१ साठी भारतात ४७ लाख जादा मृत्यूंचा अंदाज मे २०२२ मध्ये दिला. भारत सरकारने पद्धतीवर आक्षेप घेतला. तो वाद मिटवू शकणारी २०२१ ची नोंदणी आकडेवारी प्रसिद्ध झाली मे २०२५ मध्ये. सेवेच्या खात्यात हा उशीर ठळकपणे लिहायला हवा. ऑनलाइन नोंद होत असताना वर्षाचा अहवाल यायला चार वर्षं लागू नयेत.

गावपातळीवर हा हिशोब कुणालाही करता येतो. समजा गाव १०,००० वस्तीचं. देशाचा मृत्युदर २०२० मध्ये हजारी ६ होता, तो धरला तर वर्षाला ६०, महिन्याला ५. साथीच्या दोन महिन्यांत १० अपेक्षित. वहीत २७ निघाले तर १७ जादा. पण सावध राहा : १० अपेक्षित असताना १६ पर्यंतचा आकडा निव्वळ योगायोगानेही येऊ शकतो. त्यामुळे १४-१५ निघाले म्हणून निष्कर्ष काढू नये. शेजारची चार-पाच गावं एकत्र करावीत. शक्यतो देशाचा दर न घेता त्याच गावाची आधीची पाच वर्षं घ्यावीत. आणि दोन चुका हमखास होतात. पहिली, वही नोंदणीच्या तारखेने लावलेली असते; आपल्याला मृत्यूची तारीख हवी. टाळेबंदीत किंवा पुरात अडकलेल्या नोंदी पुढच्या महिन्यात एकदम चढतात आणि खोटा उंचवटा दिसतो. दुसरी, कोल्हापूर जिल्ह्यात ऑगस्टची सरासरी काढताना २०१९ धरलं तर पुराचं वर्षच ‘नेहमीचं’ ठरतं. ते वगळा, आणि जुलैसाठी २०२१ वगळा.

नोंदवहीला ताडून पाहायला दुसरी यादी हवी. शहरात ती स्मशानभूमीत मिळते. पंचगंगा, कदमवाडी, बापट कॅम्प, कसबा बावडा इथे महापालिका मोफत अंत्यसंस्कार करते, त्यामुळे तिथली वही भरते. स्मशानाच्या व्यवस्थापकानेही निबंधकाला कळवायचं असतं, कायद्यात तसं आहे. मात्र मोठ्या पुरात पंचगंगा स्मशानभूमी स्वतःच पाण्यात असते, तेव्हा एकट्या तिची वही पाहून चालत नाही. खेड्यात स्मशानाची वही नसतेच.

पूरबळींसाठी तीन याद्या असतात : पोलिसांची आकस्मिक मृत्यूची, तहसीलची मदतीची, आणि निबंधकाची. त्या जुळवून न सापडलेल्यांचाही अंदाज काढता येतो. समजा पहिल्या यादीत ४० नावं, दुसरीत ३०, दोन्हींत असलेली २४. दोन्ही मिळून वेगवेगळी नावं ४६. अंदाजे एकूण ४० गुणिले ३० भागिले २४, म्हणजे ५०. म्हणजे चारेक माणसं कुठल्याच यादीत नाहीत. अट एकच आणि ती महत्त्वाची : याद्या स्वतंत्र असल्या पाहिजेत. तहसीलची यादी पोलिसांच्या यादीवरूनच उतरवली असेल तर सामाईक नावं फुगतात आणि अंदाज खोटाच कमी येतो. पेरूच्या सत्यशोधन आयोगाने २००३ मध्ये तिथल्या यादवीतल्या सुमारे ६९ हजार बळींचा अंदाज काढला, तो याद्या जुळवण्याच्या याच जातीच्या पद्धतीने.

युद्धात नोंदणी जवळजवळ लगेच बंद पडते, तिथे मग घरोघर पाहणी किंवा बातम्यांवरून मोजणी उरते. इराकमध्ये २००३ ते २००६ च्या मध्यापर्यंत एका पाहणीने सुमारे ६ लाख ५५ हजार जादा मृत्यू सांगितले, त्याहून मोठ्या दुसऱ्या पाहणीने हिंसेतले १ लाख ५१ हजार. चालू नोंदवही नसली की आकड्यांत एवढं अंतर राहतं. बोस्नियातल्या स्रेब्रेनिकात जुलै १९९५ मध्ये मारल्या गेलेल्या सुमारे आठ हजार माणसांपैकी बहुतेकांची ओळख पुढे हाडांच्या डीएनएवरून, कित्येक वर्षं खपून पटवावी लागली.

आपल्या इतिहासातही नोंद मोडल्याची किंमत दिसते. १९१८ च्या इन्फ्लुएंझात नोंद ठेवणारी गावकामगार मंडळीच आजारी पडली. पहिला सरकारी अंदाज देशभरात ६० लाखांच्या आसपास होता. १९२१ ची जनगणना हातात आल्यावर तो दुपटीवर गेला, आणि नंतरच्या अभ्यासकांनी १.२ ते १.८ कोटींपर्यंतचे आकडे मांडले. त्या दशकात देशाची लोकसंख्या घटली, जनगणनेच्या इतिहासात असं एकदाच झालं. किल्लारीच्या ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाचेही ७,९२८ आणि ९,७४८ असे दोन आकडे आजही शेजारी शेजारी छापले जातात. जुनी कोतवाल बुकं, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या वह्या, मोडीतली गाव नमुना १४ ची पानं तहसीलच्या अभिलेख कक्षांत आहेत. कुणबी नोंदी शोधायला ती २०२३ मध्ये बाहेर काढली गेली. त्यांतच प्लेग आणि इन्फ्लुएंझाच्या काळातले गावोगावचे मृत्यूही आहेत. ती स्कॅन होताहेत तोवर तारीख आणि कारण हे दोन रकानेही तक्त्यात उतरवून घेतले तर जिल्ह्याच्या साथींचा इतिहास पहिल्यांदा आकड्यांत उभा राहील.

या सेवेला पर्याय म्हणून कुणी बेल्जियममधल्या ईएम-डॅट या जागतिक आपत्ती कोशाकडे जातं. देशांची तुलना करायला तो उत्तम आहे, बिगरव्यावसायिक वापराला मोफत आहे. पण दहा मृत्यू, शंभर बाधित, आणीबाणीची घोषणा किंवा आंतरराष्ट्रीय मदतीची हाक, यांपैकी एक तरी निकष लागला तरच घटना त्यात येते. ओढ्याच्या पुरात दोघं गेली, अशा घटना त्यात सापडणार नाहीत. जिल्ह्यासाठी नोंदवहीला पर्याय नाही.

पोर्टलबद्दल थोडं. घरी झालेल्या मृत्यूची वर्दी २१ दिवसांच्या आत नागरिक स्वतः पोर्टलवरून देऊ शकतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये मोबाइल अॅपही आलं. दाखल्यावर क्यूआर कोड असतो, त्यामुळे बँकेत पडताळणी सोपी झाली. त्रास होतो तो नावांचा. मराठीतून इंग्रजीत जाताना स्पेलिंग बदलतं आणि आधार, सातबारा, पासबुक यांच्याशी जुळत नाही. नोंद कायम करण्याआधी मसुदा दाखवा म्हणा आणि आधारकार्ड शेजारी ठेवून एकेक अक्षर तपासा. नंतरची दुरुस्ती कलम १५ खाली होते, पण पुराव्याचे कागद आणि हेलपाटे दोन्ही लागतात. जुनी नोंद सापडत नसेल तर तोंडी ‘नाही’ ऐकून परतू नका, फॉर्म १० वर अनुपलब्धतेचं प्रमाणपत्र मागा. उशिराच्या नोंदीला तेच लागतं. निबंधकाचा निर्णय मान्य नसेल तर ३० दिवसांत जिल्हा निबंधकाकडे अपील करता येतं आणि त्यांनी ते ९० दिवसांत निकाली काढायचं असतं. अपिलाला निर्णय लेखी हवा, म्हणून अर्ज आवक क्रमांक घेऊनच द्यायचा आणि नकारही कागदावरच घ्यायचा.